जीभ सासूबाईंची, सही माझी

नगरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी हॉटेलांची परीक्षणं लिहिते. सात-आठ वर्षं झाली. त्यातलं सव्वा वर्ष असं गेलं की मला कसलाही वास येत नव्हता. चव म्हणाल तर खारट, गोड, आंबट एवढं जिभेला कळायचं, तिखट डोळ्यांतून पाणी आल्यावर कळायचं, आणि बाकी सगळा पुठ्ठा. ही गोष्ट मी संपादकांपासून, वाचकांपासून, नवऱ्यापासून आणि अर्थातच हॉटेलवाल्यांपासून लपवली. हॉटेलवाल्यांना कळलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

करोनाची साथ ओसरता ओसरता मला गाठून गेली. ताप चार दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. हळूहळू म्हणजे किती, असं विचारल्यावर ते पुढच्या पेशंटला हाका मारू लागले.

लपवायचं कारण साधं होतं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारते आणि "मोबाईल बाहेर" असं म्हणते. मुलगा पुण्याला शिकायला गेलेला, नवरा सुप्याच्या कारखान्यात, सकाळी जातो आणि संध्याकाळी येऊन बातम्या बघतो. मला कुणी ओळखत असेल तर त्या सदरामुळे. भाजी घेताना एखादी बाई थांबून "तुम्हीच का त्या?" म्हणायची, तेव्हा मी दोन दिवस हवेत असायचे. सदर गेलं असतं तर उरली असती ती शिक्के मारणारी बाई, आणि त्याची मला भीती वाटत होती.

पहिले दोन-तीन महिने मी नुसत्या हुशारीवर काढले. त्या काळातली माझी परीक्षणं कुणी काढून वाचली तर त्यांत खुर्च्यांची वर्णनं फार सापडतील. भिंतींचे रंग, दिव्यांची मांडणी, वेटरच्या शर्टाची इस्त्री, हात धुवायच्या बेसिनवरचा आरसा. एका मिसळीबद्दल मी दोन रकाने लिहिले आणि त्यात मिसळ एकदाच आली, तीही शीर्षकात. संपादकांचा फोन आला.

"मॅडम, हल्ली तुमच्या लेखात फर्निचर फार येतंय. तब्येत बरी आहे ना?"

मी म्हणाले, वातावरण हाही चवीचा भाग असतो. ते "हं" म्हणाले. संपादकांचं "हं" कधीच चांगलं नसतं.

याच सुमाराला सासूबाई गुडघ्यांच्या औषधपाण्यासाठी आमच्याकडे राहायला आल्या. त्या पारनेर तालुक्यातल्या. जन्म शेतात आणि चुलीपुढे गेलेला, शाळा चौथीपर्यंत, बोलणं मोजकं. आमचं कधी भांडण झालं नाही, पण फार गप्पाही झाल्या नव्हत्या. आल्या त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल धरलं. "गुडघ्याला जमिनीवर बसवत न्हाई, हितं बसून भाजी निवडते," म्हणाल्या. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

एके सकाळी मी ओट्याला टेकून पेपर वाचत होते, दूध गॅसवर होतं. सासूबाई बाहेरच्या खोलीतून काठी टेकत आल्या, गॅस बंद केला, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "दूध आटलंय जरा. च्याला बरं."

"हो, मीच आटवत होते," मी म्हणाले. इतकं सफाईदार खोटं आपल्याला जमतं, याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात सावेडीला एक बर्गरचं दुकान निघालं आणि मला तिथं जायचं होतं. एकटी गेले असते तर पुन्हा खुर्च्यांवर लिहावं लागलं असतं. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. मी म्हणाले, "आत्याबाई, चला, पाय मोकळे होतील." ज्या बाईला जिना उतरायला दहा मिनिटं लागतात तिला हे सांगणं म्हणजे निव्वळ लबाडी होती. त्या "बरं" म्हणाल्या आणि लुगडं बदलून आल्या.

दुकानात बसायला उंच स्टुलं होती. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या घोड्यावर मला कोन चढवनार?" मालक धावला. सोनईचा तिशीचा तरुण, घरी ऊस, पण याचं मन उसात रमेना. त्यानं शेजारच्या रसवंतीतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. तिच्यावर बसल्यावर सासूबाईंचं फक्त डोकं टेबलावर दिसू लागलं. मग त्यानं टेबलच बदललं.

बर्गर आला. सासूबाईंनी तो उचलला नाही. त्यांनी तो शांतपणे उघडला आणि एकेक गोष्ट काढून ताटलीत मांडली. काकडी आणि कोबी डावीकडे, त्याच्याजवळ पांढरा सॉस, टिक्की उजवीकडे, पावाचे दोन भाग समोर, कडेला चिमूटभर मीठ मागवून. सणाचं ताट जसं वाढतात तसं. चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे असल्याशिवाय त्या घासाला हात लावत नसत, मग तो बर्गर का असेना. मालक पलीकडून बघत होता. त्यानं मेहनतीनं शिकून घेतलेली रचना त्याच्यापासून चार हातांवर मोडून पडली होती.

"कसं लागतंय?" मी विचारलं आणि पर्समधून किराणा मालाची यादी काढावी तशी वही काढली.

त्यांनी प्रत्येक गोष्ट वेगवेगळी चाखली. मधेच डोळे मिटले. मग म्हणाल्या, "पाव आजचा हाय. बटाटा कालचा. तेल परवाचं."

घरी येऊन मी लिहिलं: "या एका पदार्थात तीन दिवस मुक्कामाला आहेत." पुढचंही सगळं त्यांचंच होतं, मी फक्त त्याला शहरी कपडे घातले. "कोबी नुसता कापलाय, चुरगळला न्हाई" याचं "भाज्यांमध्ये परस्परसंवादाचा अभाव" केलं. "लई मोठा हाय, तोंड वाकडं करून खावा लागतो" याचं मी काय केलं ते सांगायची मला लाज वाटते, त्यात 'स्थापत्य' हा शब्द होता.

सोमवारी संपादकांचा फोन. "आता कशी जुनी धार आली."

मी धारेचं श्रेय मुकाट्यानं घेतलं. बर्गरवाल्यानं पेपरच्या कार्यालयात जाऊन भांडण केलं, तिथून परत येऊन तेल बदललं आणि माझ्या लेखाचं कात्रण लॅमिनेट करून काउंटरमागे टांगलं. ते कौतुक होतं की बदला घ्यायची शपथ, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग दर गुरुवारी आमची फेरी सुरू झाली. मी चारला कॉलेजातून यायचे तेव्हा सासूबाई तयार होऊन बसलेल्या असत. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते हॉट डॉगच्या गाडीवर कळलं.

ती गाडी कॉलेजच्या पोरांची आवडती. गाडीवाल्यानं लांबट पावात सॉसेजची नळी ठेवून वरून लाल, पिवळा आणि पांढरा असे तीन सॉस सोडले. सासूबाईंनी तेही उकलून मांडलं, पण मांडण्यासारखं फारसं निघालं नाही.

"पाव ग्वाड, आतलं ग्वाड, वरलं ग्वाड," त्या म्हणाल्या. "हे जेवान हाय का शिरा?"

आणि पिशवीतून एक पितळी डबी काढली. शेंगदाण्याची चटणी, उखळातली, तेल सुटलेली. त्यांनी ती हॉट डॉगवर पसरली, खाल्ली, मान हलवली आणि गाडीवाल्याला म्हणाल्या, "घ्या, खाऊन बघा." त्यानं खाल्ली. पुढच्या महिन्यात त्याच्या फळ्यावर 'नगरी हॉट डॉग' अशी ओळ आली आणि रांग वाढली. मी माझ्या लेखात लिहिलं की स्थानिक चवीशी सांधा जुळवण्याची सूचना मी विक्रेत्याला केली. 'मी' हा शब्द लिहिताना हात जरा अडखळला, हे कबूल करते. पण अडखळून का होईना, लिहिला.

असं वर्षभर चाललं. पिझ्झा, मोमो, तंदुरी चहा, शोरमा. "कसं लागतंय?" असं मी विचारायचे आणि त्या सांगायच्या. भिंगारच्या एका सँडविचबद्दल त्या फक्त "भाजायचं विसरला" एवढंच बोलल्या आणि मी त्यातून अर्धा रकाना काढला. वाचकांची पत्रं यायची. एका गृहस्थांनी लिहिलं, तुमच्या जिभेला तोड नाही. ते पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं नाही.

घरी जेवणाची तक्रार नव्हती. खरं म्हणजे मी अंदाजानं रांधत होते, मसाला कमीजास्त व्हायलाच हवा होता. पण नवरा मुकाट जेवून उठायचा. तो पुढ्यात येईल ते खाणारा माणूस असल्यामुळे मी निश्चिंत होते.

मग त्या बर्गरवाल्यानं वरच्या मजल्यावर इटालियन रेस्टॉरंट काढलं. मंद दिवे, ग्लासात खोचलेले काळे कापडी रुमाल, मुंबईहून आणलेला आचारी. उद्घाटनाला शनिवारी दुपारी शहरातले दहा-बारा लोक बोलावले होते: दोन डॉक्टर जोडपी, एक बिल्डर, काही व्यापारी, आमचे संपादक आणि मी. सासूबाईंना मी नेलंच, त्यांच्याशिवाय जाणं म्हणजे चष्म्याशिवाय जाणं. मालकानं आमचं फार अगत्यानं स्वागत केलं. सासूबाईंसाठी बुटकी, गादीची खुर्ची आधीच आणून ठेवली होती.

सगळे बसल्यावर त्यानं ग्लासावर चमचा वाजवला आणि म्हणाला, "आज मेन्यूच्या आधी एक गंमत. आपल्या शहरातली सर्वांत तिखट जीभ इथं हजर आहे. मॅडमच्या डोळ्यांवर पट्टी बांधू, तीन सॉस देऊ. आत काय काय आहे, त्यांनी सांगायचं. बरोबर सांगितलं तर आजचं जेवण त्यांच्या नावानं."

त्याच्या हातात ते लॅमिनेट केलेलं कात्रण होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संपादक सर्वांत जोरात वाजवत होते.

तीन वाट्या समोर आल्या, एक लाल, एक हिरवी, एक पांढरी. डोळे उघडे असताना मी रंगावरून काहीतरी ठोकून दिलं असतं. डोळे बांधल्यावर मला या तिन्हींत खारट-आंबट सोडून काही कळणार नव्हतं, आणि ते दहा-बारा लोकांसमोर, संपादकांसमोर. मालक काळा रुमाल घडी घालत माझ्या मागे येऊन उभा राहिला. मला वाटलं, चक्कर आल्याचं सोंग करावं. तेवढ्यात काठी जमिनीवर आपटली.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात सुनंनं आधी तोंड लावायची रीत न्हाई. थोरल्यानं आधी चाखायचं."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, अशी रीत मी कधी ऐकली नव्हती. त्यांच्या घरी तर बायकांनी शेवटी जेवायची रीत होती, तीही सासू आणि सून दोघींनी. पण त्यांनी ते इतक्या ठामपणे सांगितलं की मालकाचा रुमाल हवेतच राहिला. संपादकांनी खिशातून कागद काढून "ग्रामीण परंपरा" असं काहीतरी टिपून घेतलं.

सासूबाईंनी पदर सावरला आणि डोळे बांधून घेतले. लाल वाटी. बोट बुडवून जिभेला लावलं.

"टमाटं. साल काढल्यालं. लसूण हाय, पन भाजला न्हाई, शिजवलाय. आन् ओवा." मग थांबून, "ओवा न्हाई. ओव्याचा भाऊ."

आचारी पुढे सरकला. ओव्याचा भाऊ म्हणजे ओरेगानो, असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं आणि टाळी वाजवली.

हिरवी वाटी. "काजू. तेल. लसूण, ह्यो कच्चा." मग त्यांचं बोट मागे आलं. "ही तुळस वाटली व्हय तुमी?"

"वेगळी तुळस, आजी," मालक चाचरत म्हणाला. "परदेशातली असते."

"मंग चालंल. आपल्या तुळशीला कळू देऊ नका म्हंजे झालं."

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. पांढरी वाटी उरली. सासूबाईंनी ती आधी नाकाशी नेली. मग चाखली. मग पुन्हा नाकाशी नेली. मग मालकाला बोटानं जवळ बोलावलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

त्याची मान लाल झाली. "हा सॉस गार झालाय, बदलून आणतो," असं म्हणून त्यानं वाटी उचलली आणि आचाऱ्याला घेऊन आत गेला. दहा-पंधरा मिनिटं आले नाहीत. इकडे लोक ओव्याच्या भावावर हसत होते, डॉक्टरीणबाई सासूबाईंबरोबर फोटो काढत होत्या, आणि माझ्या परीक्षेची आठवण कुणालाच राहिली नाही. मालक परत आला तो थेट जेवण घेऊन. सारण भरलेल्या पास्त्याच्या नळ्या, वर पांढरा सॉस. सासूबाई म्हणाल्या, "मासवडीच हाय की. रस्सा पांढरा केलाय एवढंच. सारनात तीळ घाला." मालकानं "घालतो, आजी" म्हटलं, आणि ते ऐकून घेणाऱ्याच्या आवाजात म्हटलं. निघताना तो त्यांच्या पाया पडला. मला नुसता नमस्कार केला.

ऊन उतरत होतं. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "तिसऱ्या वाटीचं काय सांगितलंत त्याला?"

"दूध लागलं हुतं खालनं. वरून जायफळ किसलं म्हून लागल्याला वास जातो व्हय."

"मग तिथेच सांगायचं की सगळ्यांपुढे. तो माझी फजिती करायला बसला होता."

"चारचौघांत?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "नवी चूल हाय त्याची." मग रस्त्याकडे बघत, अगदी सहज, "तुझं सांगितलं का मी कुनाला?"

मी म्हणाले, "माझं काय?"

"आपलं दूध लागलं तवा तू वट्याला टेकून पेपर वाचीत हुतीस. घरभर लागल्याला वास. वर मला म्हनतीस, आटवत हुते."

मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

"तू डबा भराया वळलीस का मी मसाला बघते रोज," त्या म्हणाल्या. "न्हायतर माझं पोरगं एवढं गप जेवलं असतं का?"

ते स्टूल, ती निवडलेली भाजी, सगळं मला एकदम दिसलं. मला रडू आलं. रिक्षा खड्ड्यांतून चालली होती, त्यामुळे हुंदका कुठला आणि खड्डा कुठला हे कुणाला कळलं नसतं, पण त्यांना कळलं असणार. मी म्हणाले, "मी तुमचंच सगळं लिहीत होते. माझ्या नावावर."

"ठाऊक हाय. मी वाचते की पेपर, बोट लावून. वाचाया यीळ लागतो एवढंच."

"मग येत का होतात दर गुरुवारी?"

त्यांनी पिशवी मांडीवर नीट केली. "नैवेद्याचं चाखायचं नसतं. बाकी समद्यांचं झाल्यावर उरंल ते खायचं. एवढी वर्सं रांधलं, पन मला कसं लागतंय ते कुनी इचारलं न्हाई. तू इचारत हुतीस." जरा थांबून म्हणाल्या, "तुझ्या गरजंला का हुईना."

त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं आणि पुढच्या रविवारच्या लेखात वाचकांना सांगितलं. पहिल्या चार ओळींत माझं नाक गेल्याची कबुली, आणि पुढं सगळं सासूबाईंचं बोलणं, जसंच्या तसं, 'हाय' आणि 'न्हाई'सकट. तिसऱ्या वाटीचं लिहिलं नाही. खाली त्यांचं नाव घातलं. लेख पोचताच संपादकांचा फोन आला. ते म्हणाले, "म्हणजे ते फर्निचर..." मी "हो" म्हणाले. सदर बंद होणार असंच मी धरून चालले होते. ते म्हणाले, "पुढच्या गुरुवारी आजींना वेळ आहे का, तेवढं विचारा."

छापून आलेला लेख सासूबाईंनी बोट लावून वाचला. शेवटी बोट स्वतःच्या नावावर आलं, तिथं जरा थांबलं. "तीळ राह्यले लिवायचे," एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी आम्ही पुन्हा त्या हॉट डॉगच्या गाडीवर गेलो. सासूबाईंनी हॉट डॉगवर डबीतली चटणी पसरली, त्याचे दोन भाग केले आणि एक माझ्या पुढ्यात सरकवला. मी सवयीनं वही काढली आणि "कसं लागतंय" म्हणणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं.

"तुला कसं लागतंय?"

सव्वा वर्षात मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारू नये म्हणून मीच धडपडत होते. मी घास नीट चावला. खोटं बोलायचं काही कारण उरलं नव्हतं.

"गरम आहे," मी म्हणाले. "मऊ. खारट. दाणे दाताखाली येतात. बाकी काही नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "मंग तेवढं लिव."